पहिल्या बोलीची बरणी

आमच्या चर्चमध्ये जातपात नाही. हे मी म्हणत नाही, गोपाळराव म्हणतात. गोपाळराव आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. वय सत्तरीच्या पुढे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि सगळा जन्म नागपुरात काढूनही तोंडातून एक ‘मले-तुले’ निसटलेलं नाही. प्रभूच्या घरात सगळे सारखे, असं ते दर सभेत सांगतात. आणि कोणी नवा पाहुणा भेटला की दुसऱ्याच वाक्याला, “आम्ही मूळचे देशस्थ. आमचे पणजोबा वेद शिकलेले होते, मग ख्रिस्ती झाले.” चार पिढ्या झाल्या बाप्तिस्मा घेऊन. सुंभ जळला, पीळ आहे तसाच आहे. आणि तो पीळ ते मिरवत असताना आम्ही बाकीचे माना डोलावतो, याचा मला जास्त राग येतो.

बाकीचे म्हणजे आम्हीच. आम्ही मूळचे महार, नरखेड तालुक्यातले. छप्पन साली आमचं उरलेलं सगळं खानदान बौद्ध झालं. माझे आजोबा त्याच्या आधीच मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाले होते, ते तसेच राहिले. माझे वडील देवराव पोस्टात होते. रिटायर झाल्यावर चर्चच्या कमिटीत निवडून आले आणि गोपाळरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागले. त्या खुर्चीचा त्यांना फार अभिमान. मी शाळेत शिकवते, आणि रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवते.

आणि आमच्याच मंडळीतली प्रेमिलाताई मेहतर समाजातली. मी शब्द झाकून वापरत नाही, कारण आमच्या चर्चमध्ये तो झाकूनच वापरतात. ‘तिकडचे लोक’ म्हणतात. तिकडचे म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतले, ज्यांच्या आजा-पणज्यांनी या शहराची घाण डोक्यावर वाहिली. प्रेमिलाताईच्या सासऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून ते घर आमच्या चर्चमध्ये येतं, आणि मागून दुसऱ्या बाकावर बसतं. तिथे बसा असं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. पुढे या असंही कोणी सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात आमच्याकडे कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं, जे रांधलं, ते त्या रविवारी वेदीपुढे आणून ठेवायचं. पाळकसाहेब त्यावर हात पसरून प्रार्थना करतात. उपासना संपली की अंगणातल्या मांडवात सगळ्याचा लिलाव होतो, आणि मग एकत्र जेवण. त्या जेवणाला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. काटोलच्या संत्र्यांच्या पेट्या येतात, कोहळी येतात, केक येतात, एखादी जिवंत कोंबडी येते. लिलाव गोपाळराव पुकारतात, आणि खोटं कशाला बोलू, फार झकास पुकारतात. साध्या लिंबावर खेळ रंगवतात. ज्याने लिंबू घेतलं तो म्हणतो, “परत विका,” की लिंबू पुन्हा टेबलावर. तशी रीतच आहे. घ्यायचं, परत द्यायचं, पुन्हा बोली लावायची. एका वर्षी एक कोंबडी इतक्यांनी घेतली आणि इतक्यांनी परत दिली की शेवटी तीच कंटाळली, दोरीसकट उडाली आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसली.

प्रेमिलाताई दरवर्षी संत्र्याच्या सालीचं लोणचं आणायची. तिचा भाऊ काटोलच्या बाजारात हमाली करतो, तो तिला निवडून संत्री पाठवायचा. काचेची मोठी बरणी, झाकणावर लाल फडकं, फडक्याला दोऱ्याचा बारीक वेढा. ती बरणी टेबलावर आली की कमिटीतल्या कोणाचा तरी हात लगेच वर जायचा, गोपाळराव घाईघाईने “एक वार, दोन वार, तीन वार” म्हणायचे आणि बरणी गेली. ती कधी परत विकायला आली नाही. पाळकसाहेब माइकवरून म्हणायचे, “प्रेमिलाबाईंच्या हाताला देवाने चव दिली आहे,” आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

“पाय वं माया,” ती मला सांगायची, “बाकीच्यायच्या वस्तूले घासाघीस चालते. माही बरनी पयल्याच बोलीत जाते.”

मलाही ते खरंच वाटायचं. लोकांना लोणचं आवडतं, त्यात नवल ते काय. मी खाल्लं होतं ना तिच्या घरी. जरासं कडू, मागून आंबट, आणि मग तिखट असं काही चढायचं की भाताला दुसरं काही नको.

यंदा दिवाळीच्या सुमारास आमच्या कंपाउंडमधल्या मुलींच्या हॉस्टेलची मेस चालवणाऱ्या रुखमाबाईंनी गुडघ्यांमुळे काम सोडलं. त्यानंतरच्या रविवारी प्रेमिलाताईने मला फाटकाशी गाठलं. हसू तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

“मी मेससाठी अर्ज टाकला वं. आन दवाखान्यातलं काम सोडून देल्लं.”

ती एका खाजगी दवाखान्यात ठेकेदाराकडे सफाईला होती. तिची सासू तेच करत गेली. नवरा अंकुश महापालिकेच्या गटारात उतरून उतरून छाती खराब करून घरी बसला होता. घर त्या एका कामावर चालत होतं.

“काम सोडलं? ताई, आधी मेस भेटू त द्याची.”

“भेटनच ना. तिकडं म्हैनाभर आधी सांगा लागते. आन इतके वर्स माह्या हातचं खाऊन राहिले हे लोक. नाही म्हनतीन का?”

मी म्हटलं, हो, तेही खरंच.

सणाच्या आदल्या आठवड्यात हार्मोनियमचा भाता उंदरांनी कुरतडला. जुनी हार्मोनियम चर्चच्या मागच्या खोलीत पडली होती, तिचा भाता निघतो का पाहावं म्हणून मी किल्ली घेऊन गेले. खोलीत मांडवाचे दोर, नाताळच्या गोठ्याच्या पुठ्ठ्याच्या गायी, एक मोडकं व्यासपीठ. ते व्यासपीठ सरकवलं, तर मागच्या फळीवर बरण्या. लाल फडकी बांधलेल्या. एकीशेजारी एक, ओळीने, पाच.

मी एक उचलली. दोऱ्याचा वेढा तसाच होता. तिने बांधलेली गाठसुद्धा कोणी सोडली नव्हती. ताजी होती ती मागच्या वर्षीची, तिच्यात तेल अजून लाल दिसत होतं. मागची तपकिरी. सर्वांत टोकाची पार काळी पडलेली, फडक्यावर धुळीचा थर.

मला कळायला वेळ लागला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले, हातात ती काळी बरणी.

आमचे पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची चीड येते. चांगल्या माणसांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं वाईटांना जमलं नसतं. त्यांनी बरणी पाहिली आणि खाली बसले.

“तिने पहिल्यांदा लोणचं आणलं, त्या वर्षी कोणीच बोली लावली नाही,” ते म्हणाले. “गोपाळराव पुकारत राहिले. एक वार, एक वार, तेच. ती समोर उभी होती, माया. मला बघवेना. म्हणून मग पुढच्या वर्षापासून कमिटीतल्या कोणीतरी पहिली बोली लावायची, असं ठरवलं. तिला वाईट वाटू नये म्हणून.”

“आणि खायचं कोणी नाही.”

“खायला मी कोणाला भाग पाडू शकतो का?”

“तुम्ही खाल्लं?”

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“मग फेकून का नाही दिलं साहेब? निदान फेकायचं तरी.”

“असं कसं फेकणार?” त्यांना खरोखर धक्का बसला. “वेदीपुढे वाहिलेलं. त्यावर प्रार्थना झालेली. ते अन्न पवित्र आहे.”

ऐका. प्रार्थना झाली म्हणून फेकता येत नाही, आणि तिच्या हातचं म्हणून खाता येत नाही. मग काय करायचं, तर मोडक्या व्यासपीठामागे नेऊन ठेवायचं. इतका बारीक विचार करणाऱ्या माणसांच्या डोक्यात एवढी साधी गोष्ट शिरली नाही की त्या टाळ्या ऐकून ती बाई हातची नोकरी सोडून बसेल.

“तिने काम सोडलंय,” मी म्हटलं. “तुम्ही माइकवरून सांगितलं चव आहे म्हणून. तिने खरं मानलं. मेस देणार का तिला?”

“कमिटीचा कल कॅटररकडे आहे. मुलींच्या पालकांचा आक्षेप येऊ शकतो.”

“पालकांना विचारलं?”

हॉस्टेलच्या मुली गडचिरोलीच्या, धारणीच्या. त्यांचे आईबाप वर्षातून एकदा येतात आणि पोरींना पोटभर मिळतं का एवढंच विचारतात. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

“सणाच्या आत तिला खरं सांगा,” मी म्हटलं. “नाहीतर मी सांगेन.”

सांगतो म्हणाले. प्रार्थनापूर्वक सांगतो म्हणाले. मी बरणी परत फळीवर नेऊन ठेवली.

घरी आले तर बाबा पलंगावर बसून पेपर वाचत होते. मी विचारलं, “बाबा, तुम्हीही बोली लावली होती ना एका वर्षी? त्या बरणीवर?”

“लावली होती. मंग?”

“खाल्लं?”

“खाल्लं काय न नाही खाल्लं काय. बोली त लावली ना? तिचा मान राखला.”

“मान? बाबा, तुमच्या वडलांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. हे तुम्हीच सांगता ना मला, लहानपणापासून? वरून ओतायचे, ओंजळीत, तेही मर्जी असली तर. ते सांगताना तुमचा आवाज अजून कापतो.”

“ते येगळं होतं.”

“काय वेगळं?”

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. “आपले लोक शेतावर राबत होते माया. हाडं-कातडं ओढलं आसंन, नाही म्हनत नाही. पन त्यायचं काम… तू समजून राहिली नाही. त्यायच्या हातचं आजपावेतो आपल्यात कोनी खाल्लं नाही.”

आपल्यात! बाप्तिस्म्याच्या तीन पिढ्यांनंतर माझा बाप ‘आपल्यात’ म्हणत होता. माझा चुलतभाऊ संघपाल मला नेहमी डिवचतो, “तुमचा येशू कोन्या आळीतला हाय वं, ते तरी ठरलं का?” मी त्याच्याशी भांडते. त्या दिवशी तो समोर असता तर भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. वरच्याने आपल्याला खाली ढकललं की आपण कोण खाली आहे ते शोधतो, आणि सापडला की आपल्याला उंच झाल्यासारखं वाटतं. ही शिडी गोपाळरावांनी एकट्याने धरलेली नाही. मधल्या पायरीवर माझा बाप उभा आहे, घट्ट, दोन्ही हातांनी.

रविवार उजाडला. मी हार्मोनियमवर बसले आणि पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली. तेवढ्यावरून समजलं की सांगितलेलं नाही.

प्रेमिलाताई नवी साडी नेसून आली होती, मोरपंखी. अंकुशदादाही आला होता, दम लागत असताना. बरणी तिने दोन्ही हातांनी वेदीपुढे ठेवली. प्रार्थना झाली. मला त्या प्रार्थनेला आमेन म्हणवलं नाही.

मांडवात लिलाव सुरू झाला. कोहळं गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. संत्र्यांच्या पेटीवर दोन भावांत चढाओढ लागली, गोपाळरावांनी दोघांनाही चिडवलं, लोक पोट धरून हसले. मग त्यांनी बरणी उचलली. उचलली म्हणजे झाकणावरच्या फडक्याला दोन बोटांनी धरली. माझं लक्ष त्या दोन बोटांवरच होतं.

“प्रेमिलाबाईंचं सुप्रसिद्ध लोणचं! कोण म्हणतंय?”

पुढच्या खुर्चीवरून हात वर गेला. माझ्या बापाचा. यंदा पाळी त्यांची होती.

“देवरावांनी घेतलं! एक वार, दोन वार…”

“थांबा,” मी म्हटलं.

मी मागच्या खोलीत गेले आणि केळीच्या खोक्यात भरून पाचही बरण्या आणल्या. एकेक काढून टेबलावर मांडली. फडक्यांवरची धूळ सगळ्या कुडत्याला लागली.

“यांचाही लिलाव करा गोपाळराव,” मी म्हटलं. “ज्यांनी ज्यांनी घेतल्या त्यांनी परत दिल्यात. परत विकायची रीत आहे ना आपल्याकडे? एकाही बरणीची गाठ सुटलेली नाही. मालाची खात्री मी देते.”

गोपाळराव म्हणाले, “माया, ही वेळ नाही. आज देवाचा दिवस आहे.”

“बाकीचे दिवसही त्याचेच होते. या पाच वर्षांतले सगळे.”

प्रेमिलाताई पुढे आली. तिने टेबलाजवळ उभं राहून बरण्या पाहिल्या. काळ्या बरणीवरचं फडकं तिने ओळखलं, ते तिच्या लेकीच्या परकराचं होतं, हे तिने नंतर मला सांगितलं. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही.

“तुले कवापासून मालूम हाय?”

“या आठवड्यात समजलं ताई.”

“आन मले घरी येऊन नाही सांगतलं. मांडवात सांगतलं. सगळ्यायच्या म्होरं.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुह्या रागापायी माही शोभा केली तू.”

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. बरोबर होतं तिचं. मी पाळकसाहेबांना मुदत दिली होती, गोपाळरावांना धडा द्यायला निघाले होते, बापाला उघडं पाडायला निघाले होते. तिला विचारायचं मात्र राहून गेलं. मी म्हटलं, “चुकलं माझं.”

गोपाळरावांनी संधी साधली. लिलाव संपल्याचं जाहीर केलं, गैरसमज बसून मिटवू म्हणाले, मेसच्या कामाचाही निर्णय योग्य वेळी कळवू म्हणाले, आणि सगळ्यांनी जेवायला चलावं. लोकांना तेच हवं होतं. ताटं उचलून जो तो रांगेत शिरला. जीव सुटल्यासारखी माणसं वरणभाताकडे वळली.

मी पाहिलं तर प्रेमिलाताई रांगेच्या तोंडाशी उभी. यंदाच्या बरणीची गाठ तिने दातांनी तोडली, झाकण उघडलं, वाढप्याच्या हातातून एक चमचा घेतला. वासाने मांडव भरला. भात, वरण, वांग्याची भाजी, पापड, आणि त्यानंतर ती. तिला ओलांडल्याशिवाय बसायला जाता येत नव्हतं.

“जय ख्रिस्त, भाऊ. लोनचं.”

पहिल्याला काय करावं सुचेना. त्याने ताट पुढे केलं. तिने वाढलं. तो गेला आणि कोपऱ्यात बसून फोड बाजूला सारत बसला.

“जय ख्रिस्त, मावशी.”

“मला ॲसिडिटी आहे गं.”

“जय ख्रिस्त, दादा.”

“नको, नको. आज जरा घसा…”

कोणाला घसा, कोणाला दात, कोणाला उपास. प्रीतिभोजनाच्या रांगेत उपास! एक बाई “घेते मागून” म्हणाली आणि भात सांडत पळाली. प्रेमिलाताई प्रत्येकाला विचारत होती, प्रत्येकाचं उत्तर ऐकून घेत होती, आणि पुढच्याला जय ख्रिस्त म्हणत होती. इतकी वर्षं तिच्या मागे जे चाललं ते आता प्रत्येकाला तिच्या तोंडावर करावं लागत होतं. मी दिलेल्या धड्यापेक्षा हे लाख पटीने जड होतं. गोपाळराव रांगेत निम्म्यावर होते. त्यांना एकदम पाहुण्यांची आठवण झाली, ताट ठेवून ते फाटकाकडे गेले.

पाळकसाहेबांनी ताट धरलं. तिने वाढलं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोड तोंडात घातली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने की कशाने देव जाणे.

“छान झालंय,” ते म्हणाले.

“पयल्यांदाच खाल्लं ना साहेब?” ती म्हणाली. “आधी माइकवरून सांगत होते तुमी.”

हॉस्टेलच्या मुली आल्या. त्यांनी ताटं पुढे केली, खाल्लं, आणि त्यांतल्या दोघी पुन्हा रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं, म्हणून त्यांना चव लागली. ज्यांच्या पालकांच्या आक्षेपाची एवढी काळजी होती, त्यांच्याच त्या लेकी.

मग बाबा आले.

मी रांगेच्या बाजूला उभी होते. माझी खात्री होती की ते घेतील. मी इथे उभी आहे, पाळकांनी घेतलंय, सगळे बघतायत. निदान लाजेपुरतं घेतील. कमिटीत त्यांचं मत होतं, आणि मेसचं प्रकरण एका-दोन मतांवर अडलं होतं हे ताईलाही माहीत होतं.

“जय ख्रिस्त, काका,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा मऊ झाला. “घ्या. आज तुमीच बोली लावली होती ना.”

बाबांनी ताटावर हात आडवा धरला.

“मले बीपी हाय,” ते म्हणाले. “खारट चालत नाही.”

त्यांच्या ताटात दोन पापड होते.

तिने चमचा मागे घेतला नाही. तो तसाच त्यांच्या हातावर धरून ठेवला. तेलाचा एक लाल थेंब टपकन त्यांच्या मनगटावर पडला. बाबा दचकले. त्यांनी ताट बाकावर ठेवलं, मांडवाबाहेर नळापाशी गेले, आणि सगळ्यांदेखत तो हात धुतला. नळावर साबणाची वडी होती. ती लावून धुतला, मनगटापासून कोपरापर्यंत. मग परत लावली.

मी ते पाहिलं आणि माझ्या बापाबद्दल माझ्या मनात जे काही होतं, पोस्टाची सायकल, मला कॅरिअरवर बसवून शाळेत नेणं, पगाराच्या दिवशी मला आणलेले फ्रॉक, ते सगळं त्या नळाखाली वाहून जातंय असं वाटलं.

प्रेमिलाताईने बरणीचं झाकण लावलं. पाळकसाहेब तिच्याकडे येत होते, तिने हातानेच थांबवलं.

“माह्या अर्जाचं आता बोलू नोका साहेब. मले उत्तर भेटलं.”

“प्रेमिलाबाई, मी कमिटीत…”

“पोरी जेवल्या. तेवढं पुरे हाय मले आज.” मग ती माझ्याकडे वळली. राग गेला नव्हता तिचा. “उभी काय राहिली? बरन्या उचल.”

“या जुन्या? काय करणार त्यांचं?”

“घासाच्या हाय. काच चांगली हाय. सोमवारपासून डबे चालू करतो मी, दवाखान्यातल्या नर्सा इचारून राहिल्या होत्या कवाच्या. लोनच्याले बरन्या लागतीन का नाही?”

अंकुशदादा ऑटोने पुढे गेला. मी खोकं उचलून स्कूटीच्या पायापाशी ठेवलं, सहा बरण्या एकमेकींवर खणखणत. ताई मागे बसली. मी स्कूटी सुरू केली तर बाबा फाटकापाशी येऊन उभे राहिले होते, हात रुमालाने पुसत, सकाळी मीच त्यांना मागे बसवून आणलं होतं तसे परत जायच्या तयारीत. त्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मी कसा येऊ मंग?” ते म्हणाले.

“जागा नाही, बाबा,” मी म्हटलं, आणि निघाले.